लाइनदोरीतले तात्या

प्रत्येक गल्लीत एक घर असं असतं, ज्याच्या आवाजावर बाकीच्यांची घड्याळं चालतात. कुठे नातवाचा तबला असतो, कुठे चटणीचा मिक्सर. आमच्या नवीन पनवेलच्या रो-हाऊसच्या गल्लीत तो मान तात्यांच्या हेज ट्रिमरचा आहे. रविवारी सकाळी साडेआठला घरघर सुरू झाली की लोक अंथरुणातून उठतात आणि आधी खिडकीतून आपलं कुंपण जागेवर आहे ना, ते बघून घेतात.

तात्या काही माळी नव्हेत. झाडांवर त्यांचं प्रेम आहे, असंही कुणी म्हणणार नाही. फुलं त्यांना आवडत नाहीत, कारण ती सांगून येत नाहीत. आंब्यावर त्यांचा विश्वास नाही, कारण तो एका वर्षी धरतो, दुसऱ्या वर्षी धरत नाही आणि त्याचा खुलासा करत नाही. त्यांना आवडतं ते कुंपण, आणि तेही कापून झालेलं. पांढरा हाफ शर्ट, डोळ्यांवर वेल्डरचा चष्मा, कानात कापूस आणि खिशाला दोन पेनं, एक निळं आणि एक लाल, अशा थाटात तात्या कटिंगला उतरतात. कुंपण कापताना पेनं कशाला, असं मी एकदा विचारलं. "सवय," म्हणाले, "आणि कधी लागतील सांगता येत नाही."

तात्यांची सगळी नोकरी ऑडिटमध्ये गेली. बेलापूरच्या कोकण भवनात बसायचे आणि तिथून रायगड-रत्नागिरीची दप्तरं तपासत हिंडायचे. त्यांच्या लाल पेनाखालून अख्खं बिल कधी सुटलं नाही. रिक्षाचे चाळीस लिहिले तर पस्तीस मंजूर, मुक्काम दोन दिवसांचा दाखवला तर दीड. निवृत्तीच्या समारंभात शाल-श्रीफळ हातात आल्यावर तात्यांनी नारळाची पावती मागितली, अशी एक दंतकथा आहे. तात्यांनी ती कधी नाकारलेली नाही. "पावती नव्हतीच," एवढंच ते म्हणतात.

घरी बसल्यावर कापायला काही उरलं नाही. सुरुवातीला त्यांनी घरखर्चावर हात चालवून पाहिला. वाण्याच्या यादीत पोह्यांच्या पुढे लाल पेनाने 'प्रयोजन?' असं लिहून यादी काकूंकडे खुलाशासाठी परत पाठवली. काकूंनी खुलासा केला नाही. बंगळुरूला मुलीला फोन केला. पुढच्याच महिन्यात वडिलांच्या वाढदिवसाला खोक्यातून ट्रिमर आला. ही भेट मुलीने खरं तर आईला दिली, असं काकू आजही सांगतात.

तो पहिला ट्रिमर विजेवरचा होता. दोन फुटांना थोडं कमी असं पातं. म्हणजे एकावर एक बसवलेली दोन दातेरी पाती. बटण दाबलं की ती उलटसुलट सरकतात आणि दातांच्या फटीत सापडेल ते कापतात. त्यांना कोयनेल आणि मोगरा यांतला फरक कळत नाही. सोबतच्या पुस्तिकेत ठळक सूचना होती, की वायर खांद्यावरून पाठीमागे ठेवावी. तात्यांनी वायर खांद्यावरून मागे घेतली आणि काकूंच्या हातात दिली. तात्या एक पाऊल पुढे गेले की मागोमाग काकूंचं पाऊल. लग्नात भटजींनी घाईघाईने उरकलेली सप्तपदी इतक्या वर्षांनी कुंपणाच्या कडेने सावकाश पुरी झाली. फरक इतकाच, की या खेपेला काकू बोलत होत्या. "अहो, डावीकडचं राहिलं." "अहो, मोगरा! मोगरा आहे तो!"

मग एकदा ऐन कटिंगमध्ये लाइट गेली. कुंपण अर्धं भादरलेलं, अर्धं तसंच. तात्यांना रात्रभर झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी ते जुन्या पनवेलात जाऊन पेट्रोलवरचं मशीन घेऊन आले. त्याचं इंजिन टू-स्ट्रोक, त्यामुळे पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल मिसळावं लागतं, लिटरला चाळीस मिली. ते मोजायला तात्यांनी धूतपापेश्वरच्या बाटलीचं टोपण काढलं. १८७२ सालची ही आयुर्वेदाची कंपनी आमच्या पनवेलचीच, त्यामुळे टोपणांचा इथल्या घरांत तुटवडा नाही. पंपावर बाटलीत पेट्रोल देत नाहीत, म्हणून ते स्कूटरच्या टाकीतून नळीने काढलं गेलं आणि वहीत नोंद झाली: 'स्कूटरकडून उसनवार'. पुढच्या ओळीत परतफेडीचा रकाना होता. तो भरलेला मी स्वतः पाहिला आहे.

लोकांना वाटतं, मशीन आलं की कुंपण आपोआप कापलं जातं. तात्यांकडे मशीन बाहेर पडण्याआधी तासभर मोजमाप चालतं. दोन टोकांना खुंट्या, खुंट्यांमध्ये गवंड्याची लाइनदोरी, दोरीवर पाणसळ, कोपऱ्यात ओळंबा. मग फांद्यांची वर्गवारी. करंगळीएवढी जाड असेल तर मशीनला, अंगठ्याएवढी असेल तर मोठ्या कात्रीला, मनगटाएवढी असेल तर आरीला. "मशीनच्या तोंडात जाड फांदी दिली की मशीन अडकतं," ते सांगतात. "वरिष्ठांच्या बिलात आम्ही असेच अडकायचो."

आकाराबद्दलही त्यांचं मत ठाम आहे. कुंपण खाली रुंद आणि वर किंचित निमुळतं पाहिजे, म्हणजे खालच्या पानांनाही ऊन लागतं. लोक नेमकं उलटं करतात. वरचं सुटतं, फोफावतं, खाली सावली पडते आणि बुडाशी नुसत्या काटक्या राहतात. "वर रुंद आणि खाली अरुंद झालं की खालचे वाळतात. हे मला बागेत नाही, ऑफिसात कळलं," असं म्हणून तात्या मशीनची दोरी ओढतात आणि पुढचं काही ऐकू येत नाही.

एक पातळी सोडून वर आलेलं काहीही त्यांच्या डोळ्यांत खुपतं. गोव्याकडे जाताना कर्नाळ्याचा सुळका दिसला की बाकीचे हात जोडतात किंवा फोटो काढतात. तात्या मान वळवून घेतात. विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापून सपाट करायला घेतली, तेव्हा गल्लीत धूळ, स्फोट, पुनर्वसन अशा गंभीर गोष्टींची चर्चा चालू होती. तात्यांचा प्रश्न वेगळाच होता. "लेव्हल कुठून धरली असेल हो त्यांनी?"

तात्यांचं खरं मोठं काम म्हणजे मागची कोयनेल.

आमच्या घरांच्या दोन रांगा पाठीला पाठ लावून उभ्या आहेत आणि मधल्या अंगणांत कोयनेलीचं कुंपण आहे. कोयनेल म्हणजे आपली कडूमेंदी. खाडीची खारी हवा सोसते, गुरं तोंड लावत नाहीत, पाणी घालायला विसरलात तरी रुसत नाही. ज्या काळात कुणाकडे भिंतीपुरते पैसे नव्हते, त्या काळात ती लावली गेली. पुढे पैसे आले, पण तोवर पाठीला पाठ लावून राहणारे दोन शेजारी, बँकवाले आणि मास्तर, यांचं बोलणं बंद झालं होतं आणि दोघांनाही कोयनेल वाढलेलीच बरी वाटू लागली होती. ती वाढत वाढत पुरुषभर उंच आणि जवळपास तितकीच रुंद झाली. भांडण एका वाटीवरून झालं होतं. मास्तरांच्या घरून शिरा भरून गेलेली वाटी परत आली नाही, असं मास्तरीणबाई म्हणत. ती धुऊन, वर चार लाडू घालून परत केली, असं बँकवाल्यांच्या घरून सांगितलं जाई. लाडू पोहोचल्याचं मास्तर कधीच मान्य करत नसत.

एका वर्षी उन्हाळ्यात या दोन्ही घरांतून तात्यांकडे तक्रारी आल्या. बँकवाले म्हणाले, "मास्तरांच्या बाजूने फार वाढलंय, तात्या. डास होतात." मास्तर म्हणाले, "बँकवाल्यांची बाजू बघा, जंगल झालंय. सापाची भीती वाटते." आपल्या बाजूबद्दल दोघांचीही काही तक्रार नव्हती. आपल्या बाजूने कुंपणाला सगळे 'हिरवळ' म्हणतात.

तात्यांनी दोघांनाही सांगितलं, की एवढं जुनं कुंपण एकदम दोन्ही अंगांनी कापायचं नसतं. एका हंगामात एक बाजू पार खोडापर्यंत मागे घ्यायची, दुसरी राहू द्यायची. तिच्या पानांवर झाड तगतं. पहिली बाजू नीट फुटली, की मग दुसरी. वरची उंची मात्र पहिल्याच वेळी छातीइतकी खाली आणायची. हे दोघांना पटलं. कुठली बाजू आधी, एवढंच पटेना. तेव्हा तात्यांनी आपला जुना नियम काढला: ज्याची तक्रार आधी आवक, त्याची तपासणी आधी. बँकवाल्यांची तक्रार मास्तरांच्या आधी अर्ध्या तासाने आली होती. वहीत वेळ टाकलेली होती.

दोन दिवस मशीन चाललं. पहिल्या वीतभर थरात दाट हिरवी पानं होती आणि त्याच्या आत, जिथे कित्येक वर्षं ऊन पोहोचलं नव्हतं, तिथे नुसता करड्या काड्यांचा गुंता. बँकवाले अंगणात येऊन हताश उभे राहिले. "मारलंत की हो तात्या, काड्या उरल्या!" तात्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "कोयनेल जुन्या लाकडातून फुटते. पहिला पाऊस पडू द्या." मृगाच्या सरी येऊन गेल्या आणि पंधरा दिवसांत त्या काड्यांवर बारीक पोपटी फुटवे दिसायला लागले. बँकवाले रोज सकाळी ते मोजायचे आणि मास्तरांना ऐकू जाईल अशा आवाजात काकूंना आकडा सांगायचे.

त्या गुंत्यातून जे काही निघालं, त्याचा तात्यांनी रीतसर पंचनामा केला. रकाने तीन: वस्तू, स्थिती, दावेदार. टेनिस बॉल निघाले ते ज्या मुलांनी मारले होते, त्यांतला एक आता टेक्सासमध्ये असतो; त्याला तात्यांनी व्हॉट्सॲपवर फोटो पाठवून ओळख पटवायला सांगितलं. निवडणुकीतला एक गंजलेला पत्र्याचा बिल्ला मिळाला, त्यावर 'नगरपालिका' वाचता येत होतं. पनवेलची नगरपालिका १८५२ सालची आणि महापालिका झाली २०१६ साली. तात्यांनी त्यावरून कुंपणाची थकबाकी किमान किती वर्षांची, ते काढलं. आणि बुडाशी, पालापाचोळ्याखाली, स्टीलची वाटी निघाली. काठावर मास्तरांच्या आईचं नाव कोरलेलं.

गल्लीला वाटलं, आता मिटलं. तात्यांनी मात्र वाटीला हात लावू दिला नाही. आधी दोन्ही टोकांच्या हद्दीच्या दगडांवरून दोरी ताणली. दोरी बरोबर वाटीवरून गेली. म्हणजे वाटी परत येताना पडली की जाताना, कुणाच्या हातून पडली, लाडवांचं काय झालं, यातलं काहीच सिद्ध होईना. शेरा पडला: 'वाटी मिळाली, लाडू प्रलंबित.' बँकवाले आणि मास्तर यांचं भांडण अजून चालू आहे. पण कुंपण आता छातीइतकंच असल्यामुळे भांडायला ओरडावं लागत नाही. दोघं काठावर कोपर टेकून भांडतात आणि मधून एखादा चहाही होतो.

अशा माणसाविरुद्ध तक्रार होणारच. सोसायटीच्या सभेत विषय निघाला, की तात्यांनी सगळ्यांची कुंपणं कापली, पण डॉक्टरीणबाईंच्या दारातल्या मोरपंखीला हात लावला नाही. हा पक्षपात आहे. तात्यांच्या आयुष्यात त्यांच्यावर हा आरोप पहिल्यांदाच झाला. ते उभे राहिले. चेहरा लाल झाला होता. "मोरपंखी जुन्या लाकडातून फुटत नाही. हिरवं सोडून आत कापलं की ती बाजू कायमची बोडकी राहते. वरवर शेंडे खुडायचे, ते मी खुडतो. नियम तोच आहे, झाड वेगळं आहे." सभा गप्प झाली. मग मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "सरळ भिंत बांधा ना, दरवर्षीची कटकट गेली."

तेव्हा तात्यांनी इतिहास काढला. इंग्रजांनी मिठाचा कर बुडू नये म्हणून हिंदुस्थानच्या मधोमध कुंपण घातलं होतं. सिंधूपासून ओरिसाच्या महानदीपर्यंत नाकेबंदीची रेषा, ती बुऱ्हाणपुरावरून जायची, आणि तिच्यावर मैलोन्‌मैल जिवंत कुंपण: बाभूळ, बोर, करवंद, निवडुंग. काही ठिकाणी बारा फूट उंच. राखणीला हजारो माणसं. हे कुंपण नेटाने वाढवलं ॲलन ह्यूम नावाच्या अधिकाऱ्याने, १८६७ ते १८७० या काळात. पुढे १८८५ साली काँग्रेस स्थापन करण्यात पुढे होते, तेच हे. १८७९ साली ती रेषा बंद झाली आणि कुंपण गेलं. सभा तोंडात बोट घालून ऐकत होती. अध्यक्षांनी विचारलं, "मग यातून आपण काय घ्यायचं, तात्या?"

"एवढ्या कुंपणाच्या कटिंगचं बिल कोण पास करत होतं," तात्या म्हणाले, "हे मला कुठेच सापडलं नाही."

ठराव झाला: मशीन रविवारी साडेआठनंतरच चालवावं. तात्यांनी ठरावात 'नंतरच' ऐवजी 'वाजताच' अशी दुरुस्ती सुचवली आणि ती कुणाच्या लक्षात न येता मंजूर झाली.

एका गोष्टीपुढे मात्र लाइनदोरी सैल होते. मास्तरांची बाजू कापायच्या वेळी, मे महिन्यात, मशीन अचानक थांबलं. कोयनेलीत छातीच्या उंचीला बुलबुलाचं वाटीएवढं घरटं होतं, आत तीन अंडी. बुलबुलाची जोडी तारेवर बसून तात्यांना काय वाटेल ते बोलत होती. तात्यांनी पातं मागे घेतलं, घरातून जुन्या फायलींची लाल फीत आणली आणि घरट्याच्या दोन्ही बाजूंना हातभर अंतर सोडून फांद्यांना बांधली. बाकी कुंपण सरळ रेषेत आणि मधोमध एक झुबका वर, असं ते कितीतरी दिवस उभं होतं. येणारा-जाणारा विचारायचा. तात्यांचं उत्तर ठरलेलं: "मुद्दा प्रलंबित आहे." रोज संध्याकाळी लांबून बघून ते वहीत नोंद करायचे. अंडी, पिल्लं, पिसं. पिल्लं उडून गेल्यावर आणखी दोन दिवस थांबून त्यांनी फीत सोडली. "अंड्यापासून उड्डाणापर्यंत महिन्याच्या आत फाइल निकाली," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात असूया होती. "आमच्या खात्यात कधी झाली नाही."

गेल्या पावसाळ्यात तात्या आणि काकू मुलीकडे बंगळुरूला राहायला गेले. मशीनच्या पात्यांना तेल लावून, टाकी रिकामी करून, ते पेट्रोल स्कूटरला परत करून गेले. पनवेलच्या पावसात कोयनेल काय करते, हे इथल्या माणसाला सांगायला नको. श्रावणापर्यंत फुटवे हातभर झाले, मग दोन हात. बँकवाल्यांना मास्तर दिसेनासे झाले आणि मास्तरांना बँकवाले. रविवारी साडेआठला कुणी उठवेना, त्यामुळे गल्लीत दूध नासायला लागलं.

मग तात्यांना फोन जायला लागले. पण गल्ली आता शहाणी झाली होती. 'ज्याची तक्रार आधी' हा नियम सगळ्यांना पाठ होता. त्यामुळे बँकवाल्यांनी आधी बंगळुरूच्या हवेची चौकशी केली, नातवाची केली, काकूंच्या गुडघ्याची केली आणि शेवटी म्हणाले, "मास्तरांचं कुंपण जरा... म्हणजे तक्रार नाही हं." मास्तरांनी रामरक्षेपासून सुरुवात केली, पण शेवट तोच. डॉक्टरीणबाईंनी सुद्धा 'सहज' फोन केला. तात्या प्रत्येकाला एकच वाक्य विचारायचे, "आणि तुमच्या बाजूचं?" त्यावर बहुतेकांची रेंज जायची.

गौरी-गणपतीच्या आधी तात्या परतले. रविवारी साडेआठला घरघर ऐकून मी आनंदाने खिडकी उघडली, तर मशीन माझ्याच अंगणात, लाइनदोरी माझ्याच कुंपणावर.

"तात्या, माझी तर काही तक्रारच नव्हती!"

त्यांनी खिशातून वही काढली, निळ्या पेनाने लिहिलेल्या यादीतली पहिली ओळ दाखवली. तारीख, वेळ आणि माझं नाव.

"अहो, मी फक्त तब्येत विचारायला फोन केला होता!"

"असं सगळ्यांनीच सांगितलं," तात्या म्हणाले, आणि खिशातलं लाल पेन काढून त्यांनी माझ्या नावापुढे बरोबरची खूण केली.